खेड्यातल्या कुत्र्याला डॉक्टर कोणता? ढोरांचा, तालुक्याचा की थेट नागपूर

टिपेश्वरकाठ

नमस्कार मंडळी. आमचं शेत पांढरकवड्याकडे, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला. कपाशी, तूर, थोडा हरभरा. राखणीला दोन कुत्री आहेत. काळू गावठी, जागलीवाल्याच्या सोबतीनं रात्रभर बांधावर फिरणारा. दुसरी ब्राउनी, लॅब्रेडॉर. भावानं नागपुरात हौसेनं घेतली, फ्लॅटात झेपेना, मग 'शेतावर मोकळी राहील' म्हणून आमच्या गळ्यात घातली. शहरातल्या हौसेचा शेवट बरेचदा कोणाच्या तरी शेतावरच होतो. असो.

प्रश्न असा की यांचा डॉक्टर कोण धरायचा? गावात गाडीवर फिरणारे एक जण आहेत, गाईम्हशींना कृत्रिम रेतन करतात, वेळेला कुत्र्यालाही सुई मारतात. तालुक्याला सरकारी दवाखाना आहे. डॉक्टर चांगले, पण त्यांच्याकडे आणखी दवाखान्यांचा 'अतिरिक्त कार्यभार', त्यामुळे गाठ पडली तर पडली. यवतमाळला कुत्र्या-मांजरांचे खाजगी डॉक्टर. आणि नागपूर, दीडेकशे किलोमीटर. हायवे सरळ आहे, पण गाडी भाड्यानं करावी लागते. शिवाय मेडिकलवाला आहेच, त्याला सगळंच येतं.

भाऊ म्हणतो काहीही झालं तरी नागपूरच. बाबा म्हणतात, कुत्र्यासाठी नागपूर? लोकं हसतील. मला दोन्ही पटत नाही. कोणत्या दुखण्याला कुठं जायचं याचा काही ठोकताळा आहे का? 'जवळचं चोवीस तास चालणारं क्लिनिक शोधा' असं कृपया कोणी सांगू नये.

वऱ्हाडी_ठेचा

बाबा बरोबर म्हणून रायले भाऊ. आमच्या इकडं कुत्र्याले काई झालं का हयद-तेल, अन् लय झालं तं देवाच्या हवाली. पण एक सांगतो, त्या मेडिकलवाल्याच्या नादी लागू नको. आमच्या शेजारच्यानं कुत्रं लंगडते म्हणून माणसाची दुखायची गोयी देल्ली, सकाय-संध्याकाय. कायं हगलं, रक्त ओकलं, गेलं. लंगडत होतं तेच बरं होतं म्हणा मंग.

निवृत्त_पशुधन

पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, सगळी विदर्भातच. त्यामुळे आमच्या बिरादरीबद्दल मीच सांगतो, म्हणजे कोणाला राग यायला नको.

दवाखान्याच्या पाटीवर 'श्रेणी-१' की 'श्रेणी-२' ते आधी वाचा. श्रेणी-१ ला पशुधन विकास अधिकारी असतो, म्हणजे पदवीधर डॉक्टर. श्रेणी-२ आमच्यासारखे पर्यवेक्षक किंवा सहायक पशुधन विकास अधिकारी चालवतात, पदविकावाले. गावात सगळ्यांनाच 'डॉक्टर साहेब' म्हणतात आणि आम्हीही ते मुकाट ऐकून घेतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. त्यानुसार रोगनिदान, औषधोपचार, शस्त्रक्रिया हे नोंदणीकृत पदवीधराचं काम. आम्हाला त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा: प्रथमोपचार, मलमपट्टी, लसीकरण, खच्चीकरण, रेतन.

आता प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या गावचा गाडीवाला माणूस जखम धुण्यात, अळ्या काढण्यात कदाचित शहरातल्या डॉक्टरपेक्षा हुशार असेल. टर्पेंटाइनचा बोळा लावून एकेक अळी चिमट्यानं ओढायला बसणं, वरून नेगासंट भुरभुरणं, तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघणं, हे काम चिकाटीचं आहे. त्यासाठी यवतमाळ गाठायची गरज नाही. पण तोच माणूस ताप बघून चार इंजेक्शनं एका सिरिंजमध्ये भरायला लागला, तर हात जोडा आणि कुत्रं उचला.

आणखी वरची पायरी म्हणजे तालुक्याचं लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, त्याच्या वर जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय. जिल्ह्याला एक्स-रे, रक्ततपासणीची सोय असायला हवी. आज चालू आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारायचं, ही विदर्भातली शिस्त आहे.

शंकेखोर

काका, मान राखून विचारतो. सरकारी डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी बघणार, लाळ-खुरकतचं लसीकरण करणार, त्याला कुत्र्यातलं काय कळणार? लॅब्रेडॉर म्हणजे लहान म्हैस नाही ना. मी तर म्हणतो भावाचंच बरोबर आहे, एकदाच नागपूर आणि विषय संपवा.

सेमिनरी_हिल्स

मी नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेला (1958 पासूनचं कॉलेज, आता माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात येतं), सध्या शहरात फक्त कुत्री-मांजरं बघतो. म्हणजे शंकेखोर यांच्या बाजूनं बोलायला हवं, पण बोलणार नाही.

एक तर शिक्षण वेगळं नसतं. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हीच पदवी, गाय, घोडा, कोंबडी, कुत्रा सगळं त्यातच. फरक पडतो तो सरावाचा आणि सामानाचा. म्हशीचं सिझेरियन शेणाच्या गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात करणाऱ्या माणसाला टाके घालायला शिकवायची गरज नाही. अडतं ते भुलीला. झायलाझिन हेच औषध गाईला किलोमागे कुत्र्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं किंवा त्याहूनही कमी लागतं. कुत्र्याला ते दिलं की आधी उलटी होते, मग गुंगी. रोज गाईचा हिशेब डोक्यात असलेला माणूस कुत्र्याला भूल द्यायला कचरतो, आणि ते कचरणं शहाणपणाचंच आहे. पोट उघडायचं असेल, लांबलचक ऑपरेशन असेल, तर गॅसची भूल, मॉनिटर, रात्रभर लक्ष ठेवणारं कोणी, हे जिथं आहे तिथंच जावं. ते तालुक्याला नसतं.

पण कुत्री मरतात ती ऑपरेशनवाचून कमी, पाणी संपून जास्त. पार्व्होचं उदाहरण घ्या. पिल्लू उलट्या करतंय, रक्ताची हगवण, तो विशिष्ट वास (एकदा घेतला की विसरत नाही). मालक गाडी शोधतो, नागपूरला फोन लावतो, सकाळी निघू म्हणतो. त्या रात्रीत ते पिल्लू सुकून जातं. मी काय करणार असतो? सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. विषाणूवर गोळी माझ्याकडेही नाही. आरएल सलाईनची बाटली प्रत्येक ढोरांच्या दवाखान्यात असते. नसते ती बारीक कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी), कारण गाईला ती लागत नाही. ती माणसांच्या मेडिकलमधून तुम्ही आणून ठेवा. मोठ्या कुत्र्याला निळी, 22 नंबर; पिल्लाला पिवळी, 24 नंबर. सोबत लहान मुलांचा मायक्रोड्रिप सेट आणि चिकटपट्टी. हे पाकीट घेऊन तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलात तर 'आमच्याकडं कुत्र्याचं सामान नाही' हे वाक्य निम्म्या वेळा गळून पडतं.

म्हणून माझा ठोकताळा: आधी जवळचा हात, मग दूरचं मशीन.

टिपेश्वरकाठ

डॉक्टर, पाकिटाची कल्पना आवडली, उद्याच आणतो. वऱ्हाडीभाऊंनी सांगितलेल्या माणसाच्या गोळीचं खरं काय? आमच्याकडे सर्रास देतात.

सेमिनरी_हिल्स

शंभर टक्के खरं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला सोसत नाहीत. जठरात व्रण पडतो, रक्त वाहतं, मूत्रपिंडं बसतात. काळी शी म्हणजे आतून गेलेलं रक्त. डायक्लोफिनॅकचं तर जनावरांचं औषधही गिधाडांच्या मृत्यूमुळे 2006 पासून देशात बंद आहे, तरी माणसांच्या गोळ्या दुकानात असतातच. पॅरासिटामॉलही अंदाजानं देऊ नका. दुखण्यावर कुत्र्याला चालणारी औषधं आहेत, मेलोक्सिकॅमसारखी, पण ती वजन करून आणि पोटात अन्न असताना.

दुसरा शेतावरचा घोळ गोचिडाच्या औषधाचा. बैलासाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन 50 किलो वजनाला 1 मिली या हिशेबाचं असतं. दहा किलोच्या कुत्र्याला 'चल, एक मिली देऊन टाक' म्हटलं की पाचपट झालं. थरथर, आंधळेपणा, झोकांड्या. कोली आणि तशा मेंढपाळी कुत्र्यांच्या जातींना तर कमी डोसही बाधू शकतो. गोचिडांवरचं अमिट्राझ पाण्यात मोजून मिसळायचं असतं, हातानं चोपडायचं नसतं.

वऱ्हाडी_ठेचा

मोजून? आमच्या इकडं फवारणीचं औषधही झाकणानं टाकते बाप्पा, कुत्र्याचं कोण मोजते.

धानपट्टा

गोंदियाकडून. ठेचाभाऊ, तेच तर. फवारणीचा विषय निघालाच आहे तर, 2017 मध्ये यवतमाळात फवारणी करताना शेतकरी, मजूर गेले ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच शिवारात कुत्री पण असतात. फवारलेल्या सरीतून जातात, मग पाय चाटतात. रिकाम्या डब्यात पाणी साचलेलं पितात.

आमच्या कुत्रीला झालं तेव्हा तोंडातून लाळेची तार लागलेली, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, अंग थडथड उडत होतं, दोन्हीकडून सुटलं होतं. गावातल्या माणसानं 'मिरगी आहे, कांदा हुंगवा' म्हणून सांगितलं. श्रेणी-१ चे डॉक्टर सुदैवानं जागेवर होते. अ‍ॅट्रोपीन (या विषावरचा उतारा) दिलं, थोड्या वेळानं लाळ सुकली, मग आणखी दिलं. ते म्हणाले, बाहुली नाही, लाळ आणि छाती बघून डोस ठरवतो. हे सगळं ढोरांच्याच दवाखान्यात. नागपूरचा रस्ता धरला असता तर देवरी-साकोलीच्या मधेच संपलं असतं. रस्त्यानं निघण्याआधी अंगाला लागलेलं विष साबणानं धुऊन टाका, हातात पिशव्या घालून. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका, ते फुप्फुसात जातं.

सेमिनरी_हिल्स

+१. आणि औषधाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्या. 'कपाशीवरचं औषध' एवढ्यावर उपचार ठरत नाही. सगळ्याच कीटकनाशकांना अ‍ॅट्रोपीन नसतं.

शंकेखोर

ठीक आहे, विष आणि पार्व्हो जवळ. मग सापाचं? आमच्याकडे घोणस भरपूर. कुत्र्यासाठी वेगळी लस लागते ना?

धानपट्टा

वेगळी नाही. माणसांना देतात तेच चार सापांवरचं प्रतिविष: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पावडरची बाटली असते, पाण्यात विरघळवून सलाईनमधून देतात.

सेमिनरी_हिल्स

बरोबर. आणि घोणस चावली का हे तपासायला नागपूर लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोनेक मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं, मग हळूच कलती करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरसं धरून प्रतिविष सुरू. प्लास्टिकच्या नळीत हा खेळ चालत नाही, काचच हवी. घोणशीच्या चाव्याला सूज आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त. मण्यार किंवा नाग असेल तर मागचे पाय लुळे, पापण्या जड, श्वास वरवरचा. नागाच्या विषाला निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपीनची जोडही लागते. दावं आवळून बांधणं, ब्लेडनं चिरणं, हे कुत्र्यालाही नको.

प्रतिविष दवाखान्यात असेलच असं नाही. तालुक्याच्या ठिकाणी कोणत्या मेडिकलमध्ये ते मिळतं हे पावसाळ्याआधी विचारून ठेवा. रात्री साडेअकराला कोणी शटर उघडत नाही.

मोर्शीची_लेक

मी संत्रापट्ट्यातली. इथं सगळे 'जवळचाच डॉक्टर' म्हणताहेत, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

माहेरच्या बागेत एक गावठी कुत्री आहे, राणी. तिला मागच्या जागेतून रक्ताचे थेंब पडायला लागले. जवळच्या दवाखान्यात सांगितलं, माजावर आहे. बरं. माज उलटून गेला तरी थेंब चालूच. नंतर रक्तवाढीची औषधं, मग अँटिबायोटिक, मग 'गर्भाशयाला सूज' म्हणून आणखी काही. वहिनीनं एकदा शेपूट उचलून नीट बघितलं तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालभडक गाठ. अमरावतीला फक्त कुत्री बघणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी गाठीला काचपट्टी टेकवून नमुना घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि तिथल्या तिथं सांगितलं: संगमातून पसरणारा गाठीचा कर्करोग, टीव्हीटी. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत भरपूर असतो म्हणे. आणि गंमत म्हणजे बरा होणारा. आठवड्याला एक विन्क्रिस्टिनचं इंजेक्शन, गाठ विरत जाते.

बाबांनी सुरुवातीला कुरकुर केली, 'कॅन्सर म्हणजे गेलं, कायले पैसे घालता'. पण दर आठवड्याला संत्र्याच्या गाडीसोबत तिला पाठवायला लागले तेही.

तेव्हा ताप, हगवण, विष, साप ठीक आहे. पण दुखणं रेंगाळत असेल आणि दर वेळी औषधाचं नाव फक्त बदलत असेल, तर तिथं थांबू नये.

सेमिनरी_हिल्स

ताई, अगदी नेमकं लिहिलंत. यात भर घालतो. विन्क्रिस्टिन शिरेतच गेलं पाहिजे, बाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं. दर वेळी आधी पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. देणाऱ्यानं हातमोजे घालायचे, आणि त्या दिवसांत कुत्र्याच्या मूत-विष्ठेला उघड्या हातानं शिवायचं नाही, घरात कोणी गरोदर असेल तर मुळीच नाही. म्हणून हे काम गाडीवर येऊन करायचं नाही. हाच नियम गोचीड तापाला: कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघितल्याशिवाय औषध म्हणजे अंधारात दगड. एका जंतूला डॉक्सिसायक्लिन तीन-चार आठवडे, दुसऱ्याला डिमिनाझिन, आणि डिमिनाझिनचा डोस चढला तर मेंदूला इजा. तुमचं जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय स्लाइड बघत असेल तर तिथंच होईल, नसेल तर खाजगी.

नसबंदी न केलेल्या मादीच्या बाबतीत आणखी एक. माज होऊन एक-दोन महिन्यांनी ती घटाघटा पाणी प्यायला लागली, खाणं सुटलं, मागून घाण स्राव (किंवा स्राव नाही पण पोट फुगलेलं), तर गर्भपिशवीत पू झाला असण्याची शक्यता मोठी. हे थेट ऑपरेशनचं काम. इथं मात्र 'आठ दिवस गोळ्या देऊन बघू' नको. जवळच्या दवाखान्यात सलाईन चढवून घ्या, चिठ्ठी घ्या आणि यवतमाळ, नागपूर, अकोला, जिथं ऑपरेशन होतंय तिथं त्याच दिवशी निघा. नागपुरात कॉलेजचा दवाखाना सेमिनरी हिल्सला, अकोल्यात विद्यापीठाचीच पदव्युत्तर संस्था आहे. शिकाऊ मुलं बघतात म्हणून नाक मुरडू नका. एका कुत्र्याभोवती चार जण उभे असतात आणि मागून प्राध्यापक. हां, वेळ लागतो. सकाळी लवकर पोचा.

ब्राउनीची नसबंदी करायची असेल तर हेच ठिकाण. काळूला रानडुकरानं फाडलं तरी हेच. आतडं बाहेर आलं असेल तर आत कोंबायचं नाही, सलाईननं भिजवलेला स्वच्छ कपडा गुंडाळायचा, तालुक्याला वेदनेचं आणि सलाईनचं बघून घ्यायचं, मग पुढं.

निवृत्त_पशुधन

डॉक्टरांनी 'चिठ्ठी' म्हटलं ते अधोरेखित करतो. आमच्याकडून रुग्ण पुढं जायचा तेव्हा काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं हे कागदावर नसायचं. पुढचा डॉक्टर विचारणार, मालक म्हणणार 'दोन सुया मारल्या, एक पिवळी होती'. कागद मागा. नाही दिला तर रिकाम्या बाटल्यांचे फोटो काढा.

आणि एक सत्य सांगू का? सरकारी डॉक्टर कुत्रं बघायला टाळतो ते ज्ञान नाही म्हणून नाही. त्याला चावून घ्यायचं नसतं. गाय खोड्यात उभी करता येते. कुत्रं कोण धरणार? मालक स्वतः तीन फूट मागं उभा असतो, 'काही नाही करत साहेब, चावत नाही' म्हणत. लस दिलीय का विचारलं तर गप्प. पिसाळलेल्या जनावरांच्या तोंडात हात घालायची वेळ आमच्यावर आलेली असते, त्यामुळे ही भीती पोकळ नाही.

तर काळूला मुसकं बांधून घ्यायची सवय घरीच लावा. गॉजची पट्टी, दोनेक हात लांब. नाका-तोंडावर फास टाकायचा, गाठ वर. मग पट्टीची टोकं हनुवटीखाली आणून एकदा पिळायची, कानामागं सुटेल अशी गाठ. रोज भाकरीचा तुकडा देऊन सराव. उलटी होत असलेल्या किंवा धापणाऱ्या कुत्र्याला मात्र बांधायचं नाही, तो गुदमरेल. मुसकं बांधलेलं, मालकानं स्वतः धरलेलं, लसीचं कार्ड असलेलं कुत्रं आलं की कुठलाही डॉक्टर टेबल मोकळं करतो.

टिपेश्वरकाठ

काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. काळूला रेबीजची लस कधी दिली तेच आठवत नाही. ब्राउनीचं कार्ड भावाकडे असेल, नसेल.

सेमिनरी_हिल्स

मग नव्यानं सुरू करा, कार्ड शोधण्यात महिना घालवू नका. रेबीज तीन महिन्यांच्या वयापासून, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दर वर्षी. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो यांची एकत्रित लस वेगळी असते, पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून हप्त्यांमध्ये. तुमच्याकडे तर डिस्टेंपरची लस जंगलासाठीही हवी. 2018 मध्ये गीरमध्ये या विषाणूच्या साथीत वीसहून जास्त सिंह गेले. टिपेश्वरचे वाघ बांधापर्यंत येतात. 2019 मध्ये त्यातला एक शेतं, गावं ओलांडत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला होता. त्यांच्या वाटेत काळूसारखीच कुत्री असतात.

लस कुठून घेता हेही बघा. दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. लोडशेडिंगच्या गावातला फ्रिज आणि त्यात आईस्क्रीमशेजारी लस, असं असेल तर नको. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची तयारी ठेवा. बऱ्याच ठिकाणी 6 जुलैला, प्राणिजन्य रोग दिनाला, सरकारी दवाखान्यांत रेबीज लसीची शिबिरं होतात. 28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनालाही.

आणि समजा काळूला पिसाळलेलं कुत्रं किंवा कोल्हं चावलंच, तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, आणि चावल्यानंतरचं इंजेक्शन 0, 3, 7, 14, 28 या दिवसांनी. हे तालुक्याला होतं, नागपूर कशाला? त्याची लाळ ज्यांच्या हाताच्या जखमेला लागली त्यांनी ग्रामीण रुग्णालयात जायचं, हे कुत्र्याच्या डॉक्टरला विचारत बसायचं नाही.

शंकेखोर

1962 या जनावरांच्या मदतीच्या फोन नंबरचं कोणी बोललं नाही. फिरत्या गाड्या येतात म्हणे दारात. आणि व्हिडिओ कॉलवर मुंबईचे डॉक्टर बघतात त्याचं काय?

निवृत्त_पशुधन

1962 ची गाडी मुळात गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभी केलेली. कुत्र्यासाठी फोन केला तर येईलही, नाहीही. करून बघा, पण तिच्या भरवशावर बसू नका.

मोर्शीची_लेक

व्हिडिओवर आम्ही राणीची नंतरची खाज दाखवली होती, उपयोग झाला. पण ती गाठ व्हिडिओवर कोणाला दिसली असती? शेपूट तर कोणीतरी उचलायला हवी ना.

सेमिनरी_हिल्स

व्हिडिओ कॉल उत्तम तेव्हा, जेव्हा कॉलच्या या टोकाला तालुक्याचा डॉक्टर कुत्र्याजवळ उभा आहे आणि त्या टोकाला कोणी तज्ज्ञ. मी असे कॉल घेतो, ओळखीतल्या सरकारी मित्रांचे. मालक एकटा असताना फार तर 'निघा की थांबा' एवढं सांगता येतं.

शंकेखोर, तुमच्या मूळ शंकेसाठी आणखी एक: डॉक्टर नोंदणीकृत आहे का हे विचारायला लाजू नका. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद नागपुरातच आहे, तिचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, शिक्क्यावर असतो. 'पेट क्लिनिक' असा रंगीत बोर्ड कोणालाही लावता येतो.

वऱ्हाडी_ठेचा

एवढं वाचून मले आता आमच्या मोत्याले तालुक्याले नेवाच लागते असं वाटून रायलं. पण गाडी कोणाची सांगू? टमटमवाला म्हणते कुत्रं बसवत नाई, सीट खराब करते.

धानपट्टा

बकऱ्या नेणाऱ्या पिकअपवाल्याला विचार भाऊ. बाजाराच्या दिवशी जातेच रिकामी परत. खाली पोतं अंथर, साखळी आखूड बांध म्हणजे उडी मारणार नाही, आणि उन्हाळ्यात दहाच्या आत पोचव. लोखंडी पत्र्यावर चटके बसतात.

टिपेश्वरकाठ

ठरलं ते लिहून ठेवतो, चुकलं तर सांगा. गावच्या दादांकडे जखम आणि अळ्या. तालुक्याच्या डॉक्टरांची आधीच एकदा भेट घेतो, दोन्ही कुत्र्यांना लस देण्याच्या निमित्तानं, कॅन्युलाचं पाकीट दाखवतो आणि त्यांचा नंबर घेतो; कोणत्या वारी कोणत्या गावात असतात तेही. उलटी-हगवण, विष, साप, चावा त्यांच्याकडेच. रेंगाळणारं काहीही असलं की स्लाइड जिथं बघतात तिथं. ब्राउनीच्या नसबंदीला नागपूर, भावाच्या गाडीनं आणि भावाच्याच खर्चानं.

सेमिनरी_हिल्स

नसबंदी माजात असताना नको, रक्तस्राव वाढतो. माज आटोपल्यावर दोन-तीन महिन्यांनी. रात्री बारापासून पोट रिकामं. आणि टाके काढेपर्यंत शेणाच्या गोठ्यात सोडू नका, भावाच्या फ्लॅटातच ठेवा तितके दिवस.

टिपेश्वरकाठ

हे त्याला मी नाही सांगत डॉक्टर, तुमचाच प्रतिसाद पाठवतो.